आपला येसर पुण्याला निघाला, पण हिशेब जमला का?

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "ताई, मोबाईलवरून विकायचंय, काय विकू?" आम्ही उलटं विचारतो, तुमच्याकडचं असं काय आहे जे गाव सोडून गेलेल्या माणसाला तिकडं मिळत नाही?

हळद, तिखट, पापड कुठल्याही दुकानात मिळतात. तिथं मोठ्या कंपनीच्या भावाला आपण पुरे पडत नाही. पण आपल्या मराठवाड्याचा येसर घ्या. धान्य, डाळी, मसाले भाजून दळलेलं हे पीठ पुण्यातल्या कितीतरी घरांत नावानंसुद्धा माहीत नाही. मात्र नोकरीसाठी तिकडं गेलेल्या लातूर-बीडच्या लेकीला येसराची आमटी आठवतेच. गिऱ्हाईक थोडं, पण ते दुसरीकडं जाऊ शकत नाही. शिवाय येसर कोरडा असतो, वाटेत फुटत नाही. कुरडई पार्सलात घातली की चुरा पोचतो, मग पैसे परत द्या.

आता भाव. इथंच जास्त बायका फसतात. गावात अर्धा किलो 150 रुपयांना देतो, म्हणून फोनवरही तेवढंच सांगतात. समजा अर्ध्या किलोला धान्य-मसाला 90 रुपये, भाजणी-दळण 20, पिशवी, लेबल आणि खोका 20, टपाल 60. झाले 190. तुमची मजुरी अजून धरलीच नाही! म्हणून टपालखर्च वेगळा सांगा आणि ऑर्डर किमान एक किलोची घ्या. खोक्यासकट वजन करा. टपालवाले खोक्याचंही वजन धरतात.

कागदपत्रांना घाबरू नका. खाण्याची वस्तू असेल तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी हवीच. तिचा 14 आकडी नंबर लेबलावर छापायचा, सोबत नाव-पत्ता, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते आणि शाकाहारीची हिरवी खूण. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. मोठ्या साइटवर विकायचं असेल तर, 1 ऑक्टोबर 2023 पासून वस्तू विकणाऱ्या लहान विक्रेत्याला आपल्याच राज्यात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक मिळतो. माल परराज्यात गेला की मात्र नोंदणी लागते. आमचं म्हणणं विचाराल तर पहिलं वर्ष साइटच्या नादी लागूच नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात वस्तूचे फोटो आणि भाव लावता येतात, तेवढं पुरे.

एका गोष्टीवर आम्ही बैठकीत भांडतोसुद्धा. नंबर कुणाचा? पुष्कळ घरी फोन मुलाचा, बँक खातं नवऱ्याचं, आणि येसर भाजणारी आपली ताई. ऑर्डर तिला कळत नाही, पैसे किती आले तेही कळत नाही. पुढं कर्ज मागायला गेली तर बँक खात्यातली उलाढाल बघते, आणि तिच्या नावावर काहीच दिसत नाही. म्हणून सिमकार्ड तिच्या नावाचं, तोच नंबर तिच्या बँक खात्याला जोडलेला आणि यूपीआय त्याच खात्यावर, हे आधी करा. पहिला फोटो नंतर काढा. घरात कुरकुर झाली तर आम्हाला बोलवा, आम्ही येऊन बोलू.

आणि मोठ्या ऑर्डरीचा फोन आला तर जरा थांबा. "मिलिटरीतून बोलतोय, पन्नास किलो पाहिजे, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका," असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही, जायलाच लागतो. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच घटकेला 1930 लावा आणि बँकेलाही कळवा.