वाकण्यावाचूनची बाग

परसबाग म्हणजे कमरेत वाकण्याचा मामला, ही आपली पिढीजात समजूत; म्हणूनच पक्षाघातानंतर आमची मावशी चाकाच्या खुर्चीत बसली, तेव्हा रत्नागिरीकडील तिच्या परसातल्या अळू, कर्दळ आणि अबोली यांचा कारभार आता गड्याकडे गेला, असे आम्ही सर्वांनी परस्पर ठरवून टाकले. मावशीला कोणी विचारले नव्हते.

पहिली अडचण मागच्या दाराशीच निघाली. परस जोत्यापेक्षा ९ इंच खाली. गवंड्याने जागेची काटकसर करून ४ फुटांची उतरण बांधली आणि पहिल्याच दिवशी खुर्ची मावशीसकट कर्दळीत जाऊन थांबली. उतरणीचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे ९ इंचांना ९ फूट, हे त्रैराशिक त्यानंतर मांडले गेले. वाटेसाठी जांभ्याची फरसबंदी शोभिवंत खरी, परंतु सच्छिद्र जांभा पाणी धरतो आणि आषाढ-श्रावणात त्यावर शेवाळ माजते. सबब ओल्या कोब्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढून ४ फूट रुंदीची खरबरीत वाट केली, आणि खुर्ची फिरवण्यासाठी तिच्या टोकाला ५ फुटांचे वर्तुळ मोकळे सोडले.

खरा विचार करावा लागला तो वाफ्यांचा. माती उंचावर घेण्याची युक्ती आपल्याला नवीन नाही, कारण तुळशीवृंदावन तरी दुसरे काय आहे? मात्र तेही उभ्या माणसाच्या मापाचे. चाळीस वर्षे ज्या वृंदावनाला मावशीने पाणी घातले, त्याच्या कोनाड्यापर्यंतच आता तिचा गडू पोहोचत होता. भरीव चौथऱ्यालगत खुर्ची आडवी लावून पाठ पिळत काम करावे लागते, हे ध्यानी आल्यावर मेजासारखा, खालून पोकळ वाफा करवून घेतला: गुडघ्यांसाठी २७ इंच मोकळे, वर ६ इंच माती, आणि एकाच बाजूने हात पोहोचावा म्हणून रुंदी अवघी २ फूट. ओल्या मातीचा भार चौरस फुटाला २० किलोंहून अधिक भरतो, त्यामुळे पाय लोखंडी कोनाचे केले आणि मातीत नारळाच्या काथ्याचा भुसा व शेणखत सढळ मिसळले. इतक्या उथळ मातीत मेथी, माठ, कोथिंबीर बिनतक्रार येतात. वांगी-मिरचीला खोल जागा लागते, ती शेजारच्या भरीव चौथऱ्यावर गेली. उथळ माती उन्हाळ्यात दुपारपर्यंतच सुकते, याला ठिबक हाच उपाय. खुरप्याला हातभर वेळूचा दांडा बसवला, तो मात्र मावशीने दोन दिवसांत काढून फेकला. मातीचा ओलावा बोटांना कळला पाहिजे, असे तिचे म्हणणे.

वृंदावनाच्या पायथ्याशी आपोआप उगवलेले तुळशीचे एक रोप तिने वाफ्याच्या कोपऱ्यात लावले. यंदा तुळशीचे लग्न तेथेच लागले, आणि अंतरपाट धरणाऱ्या दोघांना मंगलाष्टके संपेपर्यंत वाकून उभे राहावे लागले.