रुग्णशय्येशेजारची शाळा
रुग्णालयाधारित परिचर्या शिक्षणातील नेतृत्व आणि नवे प्रयोग

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वाढलेल्या खाटा, नवी यंत्रसामग्री आणि पार पडलेल्या शस्त्रक्रिया यांची नोंद ठळकपणे केली जाते. देणगीदारांनी विश्वासाने दिलेल्या पैशाचा विनियोग कसा झाला, हे त्यांना कळावयास हवेच. परंतु शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र रुग्ण जिच्या भरवशावर काढतो, ती परिचारिका कोठे व कशी घडली, हा प्रश्न अहवालाच्या पानांवर क्वचितच येतो. यंत्र विकत घेता येते, तशी जाणती परिचारिका विकत घेता येत नाही. ती घडवावी लागते आणि ती प्रामुख्याने रुग्णालयातच घडते. हे घडविणे म्हणजे नेमके काय, त्यात नेतृत्वाचा वाटा कोणता आणि अलीकडच्या नव्या पद्धतींनी काय साधले, याची ओळख आमच्या हितचिंतकांना करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रारंभ : देणगीतून उभी राहिलेली शाळा

आधुनिक परिचर्या शिक्षणाचा प्रारंभ लोकवर्गणीतून झाला, ही गोष्ट धर्मादाय संस्थांनी आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे. क्रिमियाच्या युद्धातील फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्याविषयी कृतज्ञता म्हणून १८५५ साली इंग्लंडमध्ये एक निधी सुरू झाला आणि त्यात सुमारे ४४,००० पौंड जमले. या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनींच्या शिक्षणाचा खर्च रुग्णालयाच्या तिजोरीतून न करता स्वतंत्र निधीतून करावयाचा, त्यांच्यावर अधिसेविकेचा अधिकार चालावा आणि त्यांच्या निवासाची सुरक्षित व शिस्तबद्ध व्यवस्था असावी, ही या योजनेची तीन मुख्य सूत्रे होती.

योजना उत्तम होती. तरीही काही वर्षांतच तिच्यातील उणीव उघड झाली. विद्यार्थिनी वॉर्डात राबत होत्या, पण त्यांना पद्धतशीरपणे शिकविण्यास कोणाला सवड नव्हती. वॉर्डातील सिस्टरला रुग्णांचेच काम पुरून उरे. १८७२ च्या सुमारास नाइटिंगेल यांनी स्वतः यात लक्ष घातले आणि विद्यार्थिनींच्या निवासातच राहून त्यांचा अभ्यास घेणारी ‘होम सिस्टर’ नेमण्यात आली. शिकविणे हे फावल्या वेळचे काम नसून स्वतंत्र जबाबदारीचे पद आहे, हे या नेमणुकीने मान्य केले. आज ज्यांना आपण पाठ्यनिर्देशिका म्हणतो, त्यांच्या पदाचे मूळ या विचारात आहे.

महाराष्ट्रातील वाटचाल

आपल्याकडे अडचण आणखी वेगळी होती. परक्या माणसाच्या शरीराची सेवा करणे, सर्व जातींच्या रुग्णांना स्पर्श करणे आणि रात्रपाळीसाठी घराबाहेर राहणे या तिन्ही गोष्टी त्या काळच्या समाजात स्त्रीसाठी निषिद्ध मानल्या जात. मुंबईत १८८६ साली स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. डॉ. एडिथ पीची यांनी तेथे स्त्री-डॉक्टरांच्या कार्याबरोबरच परिचारिकांच्या प्रशिक्षणाचाही पाया घातला. पुण्यात १९०९ साली श्रीमती रमाबाई रानडे आणि श्री. गो. कृ. देवधर यांनी पुणे सेवासदन स्थापन केले. सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी मराठी घरांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, पुढे आणले आणि त्यांच्या निवासाची सोय केली.

येथील नावीन्य शिकविण्याच्या तंत्रात नव्हते. वसतिगृह, प्रतिष्ठित व्यक्तींचा पाठिंबा आणि मुलीच्या घरच्यांना दिलेला भरवसा हेच ते नावीन्य होय. शिक्षणाची दारे उघडी असली, तरी त्या दारापर्यंत पोहोचण्याचा रस्ता सुरक्षित नसेल तर कोणी येत नाही, हे रमाबाईंनी ओळखले होते. नेतृत्वाचा हा प्रकार आजही कालबाह्य झालेला नाही. ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थिनीच्या पालकांचा पहिला प्रश्न अभ्यासक्रमाविषयी नसतो, तर राहण्याच्या सोयीविषयी असतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एकच परिचारिका होती. डॉक्टरांचे प्रमाण सुमारे ६,३०० लोकांमागे एक असे होते. म्हणजे डॉक्टरांहूनही परिचारिकांचा तुटवडा कितीतरी पटींनी अधिक होता. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले आणि १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने देशभर शिक्षणाचा समान दर्जा राखण्याची व्यवस्था झाली.

यांपैकी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे उदाहरण विशेष अभ्यासनीय आहे. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०९ साली तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू केले होते. पुढे या संस्थेने शिक्षण आणि रुग्णसेवा यांची सांगड घालणारी रचना स्वीकारली. महाविद्यालयातील अध्यापिकांकडे वॉर्डातील परिचर्येचीही जबाबदारी असते. त्यामुळे जी शिकविते तीच वॉर्डातील कामाला उत्तरदायी असते. अन्यत्र बहुधा याच्या उलट चित्र दिसते. शाळा एका इमारतीत आणि वॉर्ड दुसऱ्या इमारतीत. पाठ्यनिर्देशिका निर्जंतुकीकरणाची जी पद्धत फळ्यावर समजावते, ती घाईच्या वेळी वॉर्डात पाळली जातेच असे नाही. विद्यार्थिनी मग दोन पद्धती शिकते : एक परीक्षेची आणि दुसरी कामाची. या दोहोंतील अंतर मिटविणे, हाच रुग्णालयाधारित शिक्षणातील नेतृत्वाचा खरा कस आहे.

विद्यार्थिनी वॉर्डात काय शिकते?

अमेरिकेतील परिचर्या-तज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली परिचारिकेच्या विकासाच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी नियम पाठ करून त्याप्रमाणे वागते. तज्ज्ञ परिचारिका रुग्णाच्या एकंदर स्थितीवरून धोका ओळखते. या दोन टोकांमधील प्रवास केवळ पुस्तकाने होत नाही, तसाच तो केवळ काम केल्यानेही होत नाही. त्यासाठी शेजारी उभे राहून दाखविणारी, विचारणारी आणि दुरुस्त करणारी अनुभवी व्यक्ती लागते.

श्वासाची गणना हे अगदी साधे उदाहरण घेऊ. रुग्णाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत, असे पुस्तकात असते. घाईत मात्र तक्त्यावर अंदाजाने ठरावीक आकडा लिहिण्याची सवय लागते आणि एका ओळीतील सर्व रुग्णांचे श्वास सारखेच दिसू लागतात. वस्तुतः श्वासाची वाढती गती ही प्रकृती ढासळत असल्याच्या सर्वांत आधीच्या खुणांपैकी एक आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची नाडी हळूहळू वाढत आहे, लघवीचे प्रमाण घटले आहे आणि तो अस्वस्थ आहे, या तीन नोंदी वेगवेगळ्या पाहिल्या तर किरकोळ वाटतात. त्या एकत्र जोडून आतल्या रक्तस्रावाची शंका घेणे आणि तत्काळ डॉक्टरांना कळविणे, हे शिक्षण रुग्णशय्येशेजारीच मिळते.

कळविण्याचीही पद्धत असते. सद्यःस्थिती, पूर्वपीठिका, स्वतःचे निरीक्षण आणि अपेक्षित कृती या चार मुद्द्यांत निरोप देण्याची रीत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून वैद्यकीय क्षेत्रात आली आणि अनेक देशांतील रुग्णालयांनी ती स्वीकारली. मध्यरात्री वरिष्ठ डॉक्टरांना दूरध्वनी करताना संकोचणाऱ्या तरुण परिचारिकेला ही चौकट बोलण्याचे बळ देते.

नव्या पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

अलीकडच्या काळातील महत्त्वाचा बदल म्हणजे कौशल्य-प्रयोगशाळा. रुग्णाची प्रतिकृती असलेल्या पुतळ्यावर सुई टोचणे, नळी घालणे, हृदय बंद पडल्यास करावयाचे उपचार यांचा सराव रुग्णाला इजा न होता पुनःपुन्हा करता येतो. अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा शिक्षणसंस्थांत केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. प्रात्यक्षिकाच्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास अशा सरावाने भरून काढले, तरी विद्यार्थ्यांचे ज्ञान आणि कौशल्य कमी ठरले नाही, असे त्यात आढळले. मात्र त्या संस्थांत शिक्षकांना या पद्धतीचे खास प्रशिक्षण होते आणि प्रत्येक सरावानंतर सविस्तर चर्चा होत असे. पुतळा खरेदी करून खोलीला कुलूप लावून ठेवले, तर या अभ्यासाचा दाखला देता येणार नाही.

दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस केला. तेथे संपूर्ण वॉर्डच शिक्षणासाठी निश्चित करण्यात आला. वॉर्डातील परिचारिका विद्यार्थ्यांना शिकवीत आणि विद्यापीठाचे अध्यापक त्या परिचारिकांना शिकविण्याच्या कामी साहाय्य करीत. या प्रयोगासाठी महागड्या यंत्रांची गरज नव्हती. कामाच्या वाटणीत बदल करण्याची तयारी मात्र हवी होती.

आपल्या देशातही बदल होत आहेत. २०२१ साली अधिसूचित झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमाने सत्र व श्रेयांक पद्धती आणली आणि कौशल्य-प्रयोगशाळेतील सरावाला निश्चित स्थान दिले. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा संमत केला.

नेतृत्व म्हणजे काय?

१९८३ साली अमेरिकन ॲकॅडमी ऑफ नर्सिंगने एक निराळा प्रश्न विचारला. परिचारिकांची सर्वत्र टंचाई असताना काही रुग्णालये त्यांना टिकवून कशी ठेवतात? पाहणीतील १६३ रुग्णालयांपैकी ४१ रुग्णालये अशी आढळली. त्यांचे समान गुण पाहता परिचर्या विभागाच्या प्रमुखांना निर्णयप्रक्रियेत स्थान, परिचारिकांना आपल्या कामात पुरेसे स्वातंत्र्य आणि शिक्षणाला उत्तेजन हे मुद्दे पुढे आले.

याचा रुग्णाच्या जीविताशी किती निकटचा संबंध आहे, हे २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ युरोपीय देशांच्या अभ्यासातून दिसते. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. प्रत्येक परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला, तर तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल, तेथे ती ७ टक्क्यांनी कमी आढळली. परिचारिकांची संख्या आणि त्यांचे शिक्षण या दोन्ही बाबी रुग्णाच्या सुरक्षिततेशी निगडित आहेत, असाच याचा अर्थ.

विश्वस्त आणि देणगीदार यांचे कर्तव्य

येथे एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे. रुग्णालयाची परिचर्या शाळा ही शिक्षणसंस्था आहे की अल्प खर्चात मिळणाऱ्या मनुष्यबळाचा पुरवठा? आर्थिक ओढाताणीत चालणाऱ्या कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाला दुसऱ्या वाटेचा मोह पडू शकतो. रात्रपाळीला परिचारिका कमी पडल्या, की दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींची नावे पाळीच्या तक्त्यात भरली जातात. त्या दिवसाची निकड भागते. पण विद्यार्थिनीचा अभ्यास बुडतो आणि अपुऱ्या अनुभवाच्या हाती रुग्ण सोपविला जातो. शिकणारीने काम करावे, कारण कामातूनच ती शिकते. पण तिच्यावाचून वॉर्ड बंद पडेल अशी स्थिती असू नये. विद्यार्थिनी नसतानाही वॉर्ड नीट चालतो काय, ही या बाबतीतील साधी व खात्रीची कसोटी आहे.

या कसोटीस उतरावयाचे तर पुढील गोष्टी आवश्यक ठरतात. पाळीच्या तक्त्यात विद्यार्थिनींची गणना परिचारिकांत न करणे. दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापिका हे परिषदेचे प्रमाण कागदावर न ठेवता वॉर्डातही पाळणे. शिकविण्याची जबाबदारी घेणाऱ्या परिसेविकेच्या कामातून तेवढा वेळ मोकळा करणे. अधिसेविका व प्राचार्या यांनी दर आठवड्यास एकत्र बसून वर्ग आणि वॉर्ड यांतील तफावत तपासणे. आणि विश्वस्त मंडळाच्या बैठकीत परिचर्या विभागाच्या प्रमुखांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकणे. यांतील बहुतेक गोष्टींना इमारत लागत नाही. परंतु वेतनासाठी नियमित निधी लागतो.

देणगीदारांना आपल्या आप्तांच्या स्मरणार्थ खोली अथवा यंत्र देण्याची इच्छा असते, ती आदरणीयच आहे. त्याचबरोबर एका पाठ्यनिर्देशिकेचे वर्षाचे वेतन, एका विद्यार्थिनीच्या वसतिगृहाचा खर्च किंवा कौशल्य-प्रयोगशाळेतील शिक्षकाचे प्रशिक्षण हीदेखील स्मृती जतन करण्याची योग्य रीत आहे. अशा देणगीवर नावाची पाटी लावता येत नाही. पण तिच्या बळावर शिकलेली परिचारिका पुढची तीस-पस्तीस वर्षे, या रुग्णालयात किंवा अन्यत्र, रात्री दोन वाजता रुग्णाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजील. आमच्या हितचिंतकांनी देणगीचा संकल्प करताना या मार्गाचाही विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.