तळहातावरचा शंटर

यार्डात डबे ओढून-ढकलून गाडी लावून देणारे डिझेल शंटर इंजिन किटच्या खोक्यात फार लवकर शिरले. ब्रिटनमध्ये १९५९ साली किटमास्टरने रेल्वे इंजिनांच्या प्लास्टिक किटची मालिका काढली. तिच्यातला पहिला नग स्टीफन्सनच्या 'रॉकेट'चा होता आणि दुसराच डिझेल शंटरचा. ही निवड समजण्याजोगी आहे. वाफेच्या इंजिनाला नळ्या, घुमट, दांडे अशी शंभर लफडी असतात. शंटर म्हणजे एक लांबट पेटी, तिच्या टोकाला चालकाची खोली आणि खाली सहा चाके. शिवाय मूळ इंजिन ब्रिटिश यार्डांत कुठेही दिसे. १९५२ ते १९६२ या काळात या ०८ वर्गाची जवळपास हजार इंजिने बांधली गेली. सुमारे नऊ मीटरचे हे धूड १:७६ प्रमाणात बारा सेंटीमीटरच्या आत बसते. १९६२ मध्ये किटमास्टरचे साचे एअरफिक्सकडे गेले आणि त्या कंपनीच्या यादीत ड्र्यूरी बनावटीचा आणखी एक छोटा शंटरही होता. या किटमध्ये मोटर नसे. डिंकाने जोडा, रंगवा आणि कपाटात ठेवा, एवढेच काम.

खरी अडचण शंटरचे मॉडेल रुळावर चालवू पाहणाऱ्यांपुढे आली. मोठ्या इंजिनाच्या पोटात मोटर, गिअर आणि शिशाचे वजन सुखाने मावते. शंटरच्या अरुंद बॉनेटखाली तिन्ही एकमेकांची जागा खातात. त्यात शंटरचे सगळे सौंदर्य सावकाश चालण्यात. अमेरिकेत ॲथर्न कंपनीने 'हसलर' नावाचा चार चाकी शंटर काढला. मोटरच्या दांड्यावरून आसावर चक्क रबरबँड चढवून तो चाले. किंमत कमी आणि रचना सुटसुटीत, पण वेग असा की हा शंटर एक्स्प्रेसला मागे टाकी. शंटरच्या मॉडेलची पुढची सगळी वाटचाल हा वेग उतरवण्याचीच म्हणावी लागेल.

हिशेब करून पाहिला म्हणजे प्रश्नाचा आवाका कळतो. यार्डात इंजिन माणसाच्या चालीने, ताशी पाच किलोमीटरने सरकते. १:८७ प्रमाणात, म्हणजे एचओमध्ये, हा वेग सेकंदाला जेमतेम १६ मिलिमीटर भरतो. चाक साडेबारा मिलिमीटर व्यासाचे धरले तर त्याने मिनिटाला चोवीस फेरे घ्यायचे. छोटी मोटर मिनिटाला हजार फेऱ्यांच्या खाली आली की अडखळू लागते. तेव्हा मोटरच्या चाळीस फेऱ्यांना चाकाचा एक फेरा हवा, आणि तेवढी उतरण एकाच टप्प्यात नीट साधत नाही. म्हणून चांगल्या किटमध्ये वर्म गिअरखाली आणखी एक दातेरी जोडी आली. उघड्या चौकटीच्या जाड मोटरची जागा डबीबंद मोटरने घेतली आणि तिच्या दांड्यावर पितळी फ्लायव्हील चढले.

दुसरी अडचण विजेची. आखूड इंजिनाची चाके जवळजवळ असतात आणि रुळांची वाट बदलणाऱ्या सांध्यावरचा प्लास्टिकचा तुकडा ओलांडताना नेमकी तीच वीजहीन होतात. सहाही चाकांवरून वीज घेणाऱ्या पातळ फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्या हा त्यावरचा उपाय. त्या चाकाच्या पाठीला अलगद टेकलेल्या हव्यात. जोर पडला तर त्याच ब्रेक होतात, सैल राहिल्या तर इंजिन सांध्यावर मुकाट थांबते. चाकांना बाहेरून जोडणारे दांडे असले की आणखी एक कसोटी वाढते. एका बाजूच्या खिळी दुसऱ्या बाजूपेक्षा पाव फेरा पुढे आणि तिन्ही आसांवर हा कोन तंतोतंत सारखा, असे जमले नाही तर इंजिन लंगडते. जाणकार दांड्याची भोके कानशीने किंचित मोठी करून घेतात. चोख कारागिरांना हा उपाय पळवाट वाटतो, पण इंजिन चालते.

भारतात ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९६०च्या दशकाच्या अखेरीस डब्ल्यूडीएस-४ बाहेर पडू लागले. डिझेल-हायड्रॉलिक, सहा चाकांचे आणि बाजूला दांडे असलेले हे इंजिन किटसाठी जणू बेतलेले होते. वाराणसीचे डब्ल्यूडीएस-६ पुढे पोलाद कारखान्यांत आणि वीज केंद्रांत पोचले. पण त्या दशकांत दुकानात मागावे आणि मिळावे असे यांचे किट नव्हते. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध २००१ पर्यंत टिकले, त्यामुळे परदेशी किटही कुणी आप्ताने बॅगेतून आणले तरच. घरच्या घरी बांधणाऱ्याच्या हाती कार्डबोर्ड, पितळी पत्रा, ॲराल्डाइट आणि जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर असे. ही मोटर नेमकी या कामाला नालायक: फीत एकाच वेगाने फिरावी म्हणून तिच्यात गव्हर्नर बसवलेला असतो, तो काढल्याशिवाय वेग कमी-जास्त होत नाही. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी १९८२ मध्ये गोखले हॉलमध्ये आपल्या छोट्या रेल्वेचे प्रदर्शन भरवले आणि १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडला कायमचे संग्रहालय उघडले. मराठी मुलखात कित्येकांनी मॉडेल रेल्वे प्रथम पाहिली ती इथे.

डब्ल्यूडीएस-४ बांधणाऱ्याला रुळांची तडजोडही करावी लागते. एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ युरोपच्या १४३५ मिलिमीटर गेजचा आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे याच प्रमाणात १९ मिलिमीटरहून थोडे अधिक. समोरून पाहिले की चाके अंग चोरून उभी असल्यासारखी दिसतात, आणि ते खटकते.

नागपुरात मात्र गणित जुळते. शहरातल्या सक्करदरा भागातून जो रस्ता उमरेडला जातो, त्याच उमरेडला इतवारी स्टेशनाहून छोटी लाईन जात असे. १९०८ मध्ये सुरू झालेली, पुढे नागभीडला पोचणारी ही नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तिचे गेज ७६२ मिलिमीटर; १:८७ ने भागले तर पावणेनऊ. एन गेजचा तयार रूळ नऊ मिलिमीटरचा आहे. फरक पाव मिलिमीटरचा, तो डोळ्याला दिसत नाही. म्युनिकच्या एगर-बानने १९६३ मध्ये याच जोडणीवर शेत-खाणीतल्या चिमुकल्या गाड्या काढल्या होत्या. इतवारीच्या डिझेल इंजिनासाठी एन गेजच्या एखाद्या शंटरची चाके-मोटर घ्यावी आणि वर चित्तरंजनच्या झेडडीएम या नॅरोगेज डिझेल इंजिनाची १:८७ची पेटी चढवावी. गंमत अशी की इथे जागा उरते. पेटी मोठ्या प्रमाणातली आणि यंत्र लहान, त्यामुळे शिसे कोंबायला मोकळीक मिळते आणि ब्रॉडगेजच्या शंटरला छळणारा वजनाचा प्रश्न सुटतो. मूळ रूप पाहायला कडबी चौकाजवळ, मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे.

अशा इंजिनाला मोठी खोली लागत नाही. ॲलन राइट यांच्या 'इंगलनुक' आराखड्यात तीनच सायडिंग, त्यांत पाच, तीन आणि तीन डबे मावतात. आठ डब्यांतून चिठ्ठीने निघालेले पाच ठरलेल्या क्रमाने लावायचे. नऊ मिलिमीटरच्या रुळावर हा सगळा खेळ सक्करदऱ्याच्या कुठल्याही घरातल्या भिंतीवरच्या फळीवर मांडता येतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत थ्रीडी प्रिंटिंगमुळे पेटीचे दुखणे बरेच कमी झाले. डीसीसीच्या, म्हणजे डिजिटल नियंत्रणाच्या, चिमुकल्या डिकोडरसोबत साठवण-कपॅसिटर बसवला की मृत सांध्यावर इंजिन क्षणभर स्वतःच्या शिदोरीवर तरते. नागपूरचे ऊन मात्र प्रत्येक सूचनापत्रकाच्या बाहेरचे. पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेली पेटी केळ्यासारखी वाकू शकते. म्हणून पेटीला रेझिन किंवा पॉलिस्टायरीन बरे. कोरड्या उन्हाळ्यात एअरब्रशचा ॲक्रिलिक रंग पृष्ठभागाला लागण्याआधीच हवेत सुकतो आणि बॉनेटवर वाळूसारखा खरखरीत थर बसतो. सुकणे लांबवणाऱ्या रिटार्डरचे चार थेंब टाकून, ब्रश जवळ धरून, पहाटे रंगवले तर थर गुळगुळीत येतो. पावसाळ्यात उलट, दमट हवेत स्प्रे लॅकर पांढुरके पडते, तेव्हा शेवटचा वॉर्निशचा हात ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवलेला बरा.