गटात तिसरे, आफ्रिकेत पहिले : यजमान आयव्हरी कोस्टच्या विजेतेपदामागील गणित

साखळीतील तीनपैकी दोन सामने गमावलेला, स्पर्धेच्या मध्यावर प्रशिक्षकाला निरोप दिलेला आणि दुसऱ्या देशाच्या विजयाकडे डोळे लावून बसलेला संघ ११ फेब्रुवारी २०२४ रोजी आफ्रिकेचा विजेता ठरला. आबिदजानजवळील एबिंपे येथील अंतिम सामन्यात यजमान आयव्हरी कोस्टने नायजेरियाला २-१ असे नमवून आफ्रिका चषक तिसऱ्यांदा जिंकला. ही किमया समजून घ्यायची तर आधी स्पर्धेची रचना पाहावी लागते.

स्पर्धेत २४ संघ होते, चार-चारांच्या सहा गटांत विभागलेले. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ बाद फेरीत जातात. १६ ही संख्या पूर्ण करण्यासाठी सहा तिसऱ्या क्रमांकांच्या संघांपैकी सर्वोत्तम चार निवडले जातात. त्यांची क्रमवारी प्रथम गुणांवर आणि गुण समान असल्यास गोलफरकावर ठरते. आयव्हरी कोस्टने गिनी-बिसाऊला २-० असे हरवले. मात्र नायजेरियाकडून ०-१ आणि २२ जानेवारीला विषुववृत्तीय गिनीकडून ०-४ असा पराभव पत्करला. तीन गुण आणि उणे तीन गोलफरक, एवढीच शिदोरी होती.

त्यानंतर सारे इतरांच्या हाती गेले. त्याच रात्री घाना मोझांबिकविरुद्ध २-० असा आघाडीवर होता. पण भरपाई वेळेत दोन गोल स्वीकारून त्याने विजय घालवला. तो विजय टिकला असता तर घाना गटात दुसरा आला असता आणि इजिप्त तीन गुण व शून्य गोलफरकासह तिसऱ्या क्रमांकांच्या यादीत यजमानांच्या पुढे गेला असता. दोन दिवसांनी झांबियाला मोरोक्कोविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. हकीम झियेशच्या एकमेव गोलाने मोरोक्को जिंकला आणि आयव्हरी कोस्ट चार जागांपैकी शेवटच्या जागेवर आत आला.

त्याच दिवशी, २४ जानेवारीला, फ्रेंच प्रशिक्षक ज्याँ-लुई गासे यांना पदमुक्त करण्यात आले होते. महासंघाने फ्रान्सच्या महिला संघाचे प्रशिक्षक एर्वे रेनार यांना उसने मागितले. फ्रेंच महासंघाने नकार दिला. मग सहायक प्रशिक्षक एमर्स फाए यांच्याकडे सूत्रे आली. वरिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी यापूर्वी कधीच सांभाळले नव्हते.

बाद फेरीची सुरुवातच गतविजेत्या सेनेगलशी झाली. चौथ्याच मिनिटाला पिछाडीवर पडलेल्या यजमानांना ८६व्या मिनिटाला फ्रँक केसीने पेनल्टीवर बरोबरी साधून दिली आणि शूटआउटमध्ये ५-४ अशी सरशी झाली.

उपांत्यपूर्व सामना मात्र वेगळ्या अर्थाने मोठा होता. तो बुआकेत झाला. २००२ साली सुरू झालेल्या गृहयुद्धात देशाचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे पडले, तेव्हा बुआके हे बंडखोरांचे मुख्य केंद्र होते. जून २००७ मध्ये दिदिए द्रोग्बाच्या आग्रहाने मादागास्करविरुद्धचा पात्रता सामना याच शहरात खेळवला गेला, तो समेटाचे चिन्ह म्हणून. फुटबॉलने युद्ध थांबवले, असे जे म्हटले जाते ते अतिशयोक्त आहे. शांतता करार त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता आणि निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात २०११ मध्ये देश पुन्हा होरपळला. तरीही सरकारी सैन्य आणि बंडखोर एकाच संघासाठी टाळ्या वाजवू शकतात, हे त्या मैदानाने दाखवले होते. मालीविरुद्ध त्याच शहरात यजमानांचा एक खेळाडू पूर्वार्धातच बाहेर गेला. दहा जणांनिशी खेळताना सिमॉन आदिंग्राने ९०व्या मिनिटाला बरोबरी केली, तर अतिरिक्त वेळेच्या अखेरच्या क्षणी ओमार दियाकितेने विजयी गोल केला. आनंदात अंगावरचा सदरा काढल्याबद्दल त्यालाही बाहेर जावे लागले!

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाविरुद्धचा उपांत्य सामना सेबास्तियन हालेरच्या गोलने सुटला. अंतिम सामन्यातही, केसीने बरोबरी साधल्यानंतर, ८१व्या मिनिटाला निर्णायक स्पर्श त्याचाच होता. जुलै २०२२ मध्ये हालेरला वृषणाच्या कर्करोगाचे निदान झाले होते. दोन शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीनंतर तो जानेवारी २०२३ मध्ये मैदानावर परतला; या स्पर्धेतील सुरुवातीचे सामने घोट्याच्या दुखापतीने हुकले होते.

यजमानांनी ही स्पर्धा जिंकण्याची ३४ आवृत्त्यांतील ही बारावी वेळ होती. मात्र मधल्या १८ वर्षांत हे कोणालाच जमले नव्हते. २००६ मध्ये कैरोत यजमान इजिप्तने अंतिम सामना शूटआउटवर जिंकला होता. तेव्हा हरलेला संघ आयव्हरी कोस्टच होता.