घरातले उपेक्षित आसन

दिवाळीच्या मंगल अंकात असला विषय काढल्याबद्दल काही वाचक नाक मुरडतील, हे मी धरूनच चाललो आहे. पण सणाची झाडलोट निघाली की आपण माळ्यावरची पितळेची पातेली खाली काढतो, देवघरापासून जिन्यापर्यंत सारे लख्ख करतो, आणि पुष्कळ घरांत न्हाणीघराच्या उंबऱ्याशीही एक पणती ठेवली जाते. पणतीला जिथे संकोच वाटत नाही, तिथे लेखणीला तरी का वाटावा?

मी मराठी शिकवतो, म्हणून आरंभ शब्दापासून करतो. या एका कामासाठी आपल्या भाषेने किती आडपडदे उभारले आहेत पाहा. कोणी परसाकडे जातो, कोणी बहिर्दिशेला जातो, कोणी नुसताच ‘जाऊन येतो’. ‘शौच’ हा शब्द तर ‘शुचि’पासून आलेला, त्याचा मूळ अर्थ शुद्धता. इंग्रजांनीही निराळे केले नाही; त्यांनी त्या जागेला ‘पाण्याची कोठडी’ म्हटले. हा संकोच सभ्यपणाचा आहे खरा, पण त्याची किंमत मोजावी लागते. ज्या वस्तूचे नाव घेता येत नाही, तिच्याविषयी तक्रार करता येत नाही. आणि तक्रारच नाही म्हटल्यावर सुधारणा कोण करणार? खुर्चीचा पाय हलला तर आपण लगेच सुताराला बोलावतो. कमोडची बैठक डुगडुगू लागली तर मात्र वर्षानुवर्षे तोल सांभाळत बसतो. घरात सत्तरीच्या पुढचे माणूस असेल, तर हा चुकलेला तोल एखाद्या पहाटे फार महागात पडतो.

आधी नाकाची सोय

कमोडच्या भांड्यात गेल्या चारशे वर्षांत ज्या सुधारणा झाल्या, त्यांचा क्रम मोठा बोधप्रद आहे. पहिली सोय झाली ती नाकाची. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ मध्ये पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे वर्णन छापले. त्या पुस्तकात त्याने दरबारी मंडळींना टोमणेही मारले होते, त्यामुळे त्याच्यावर इतराजी झाली. पुढे १७७५ मध्ये लंडनमधील एक घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने पेटंट घेतले. त्याची खरी करामत भांड्याखालच्या नळीला दिलेल्या बाकात होती. त्या बाकात थोडे पाणी सदैव साचून राहते आणि गटारातली दुर्गंधी वर येऊ देत नाही. आज आपल्या घरातल्या कमोडखाली जो वळलेला भाग असतो, तो याच कल्पनेचा वंशज.

कमिंगच्या भांड्यातली झडप सरकती होती, आणि ती अडकून बसे. १७७८ मध्ये जोसेफ ब्रामा या कपाटे करणाऱ्या कारागिराने तिच्या जागी बिजागरीवर उघडणारी झडप बसवली. हाच ब्रामा पुढे कुलपांसाठी प्रसिद्ध झाला. म्हणजे कमोडच्या इतिहासात बिजागरीने नाव काढले ते बसणाऱ्याच्या खाली, नळीच्या तोंडाशी!

दुसरी सोय झाली ती साफसफाईची. जुनी भांडी लाकडी पेटीत बंद असत, आणि पेटीच्या आत काय साठते आहे हे कोणाला दिसत नसे. १८८३ मध्ये टॉमस ट्वायफर्ड याने एकसंध चिनी मातीचे, आपल्या पायावर उभे राहणारे भांडे बाजारात आणले. पेटी गेली, कानाकोपरे गेले, आणि वरची लाकडी बैठक उचलता येऊ लागली. १८८४ च्या लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज याच्या भांड्याने सुवर्णपदक मिळवले. तिथली परीक्षा ऐकून हसू येईल. दोन गॅलन पाण्याच्या एका लोटात दहा सफरचंदे, एक स्पंज आणि भांड्याला चिकटवलेले कागदाचे चार तुकडे वाहून जावे लागत! उत्तर अमेरिकेत २००३ पासून अशीच एक परीक्षा घेतली जाऊ लागली. तिच्यात सफरचंदांची जागा सोयाबीनच्या घट्ट लगद्याने घेतली आहे.

तिसरी सोय पाण्याची. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात दोन बटणांची टाकी आली: एक बटण थोड्या पाण्याचे, दुसरे पुऱ्या टाकीचे. १९९२ च्या कायद्याने अमेरिकेत नव्या घरगुती कमोडला एका वेळी सुमारे सहा लिटरांची मर्यादा घातली गेली.

आपल्याकडे प्रश्न निराळा आणि अधिक जिव्हारी लागणारा होता. आपल्या शहरांतून टोपलीचे संडास होते, आणि भांड्याच्या रचनेतला दोष एक माणूस रोज स्वतःच्या डोक्यावर वाहून नेत होता. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांना हे सहन झाले नाही. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे, म्हणून त्यांनी अन्नत्याग आरंभला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी उपोषण केले. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत त्यांनी स्वस्त आणि सोप्या संडासांचे प्रयोग केले. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये ‘सुलभ’ची चळवळ सुरू केली. त्यांच्या भांड्याचा उतार मुद्दाम तीव्र ठेवलेला आहे. त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात ते स्वच्छ होते, आणि टाकीची गरज उरत नाही. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ मध्ये कायदे झाले. पण कायद्याचे हात तिथेच पोचतात जिथे पर्यायी भांडे तयार असते, हे विसरून चालणार नाही.

मग बसणाऱ्याचे काय?

नाक, सफाई, पाणी, सफाई करणारा माणूस या सर्वांचा विचार झाला. प्रत्यक्ष बसणाऱ्याचा विचार मात्र फार उशिरा झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील अलेक्झांडर कीरा यांनी वर्षानुवर्षे अभ्यास करून १९६६ मध्ये ‘द बाथरूम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मते नेहमीचे भांडे शरीराच्या मानाने फार उंच होते, आणि उकिडवे बसण्याच्या जवळ जाणारी ठेवण अधिक नैसर्गिक होती. कारण शरीररचनेतच आहे. आतड्याच्या शेवटच्या भागाभोवती एका स्नायूचा फास असतो. आपण ताठ बसलो की तो नळीला कोन देऊन ठेवतो. मांड्या पोटाशी आल्या की तो सैलावतो आणि मार्ग बराच सरळ होतो. आपली आजी चुलीपाशी जशी उकिडवी बसे, ती बैठक या कामासाठी उत्तम.

पण त्याच आजीचे गुडघे आज तिला बसू देत नाहीत, आणि बसली तर उठू देत नाहीत. म्हणूनच अमेरिकेत १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या नियमांत बैठकीची उंची १७ ते १९ इंच ठरवली गेली. साधी बैठक पंधरा इंचांच्या आसपास असते. म्हणजे उठायला उंच हवे आणि मोकळे व्हायला बुटके हवे, असा हा पेच आहे. एकाच भांड्याने दोन्ही कशी साधावीत?

आपल्या कारखानदारांनी यावर ‘अँग्लो-इंडियन’ कमोडचा तोडगा काढला. बसायचे असेल तर बैठक खाली, उकिडवे व्हायचे असेल तर बैठक वर आणि काठावरच्या पावट्यांवर पाय. कल्पना प्रेमळ आहे. पण ओल्या, गुळगुळीत चिनी मातीवर दीड फूट चढून जाणे ही तरुणाचीही कसरत आहे. म्हाताऱ्या माणसाला तर मी तिथे चढू देणार नाही.

माझे म्हणणे असे की, या पेचाचे उत्तर भांड्यात शोधण्यापेक्षा बैठकीत शोधावे. भांडे एकदा सिमेंटात बसले की दहा-वीस वर्षे हलत नाही. बैठक दोन खिळींवर बसलेली असते. ती काढता येते, बदलता येते, उंचावता येते. घरात तीन पिढ्या असतील, तर एका भांड्याला तीन प्रकारच्या शरीरांशी जुळवून देणारी वस्तू एवढीच आहे. आजोबांसाठी दोन-चार इंच उंची वाढवणारी जोडबैठक मिळते. नातवासाठी मोठ्या कड्यात लहान कडे बसवलेली बैठक मिळते. तीन पाकळ्यांचे ते बिजागरे मुलाच्या मनातली आत पडण्याची भीती घालवते. आणि ज्याला पाय वर घ्यायचे आहेत, त्याने पायांखाली साधे सहा-सात इंचांचे स्टूल घ्यावे. उंच बैठकीवर बसूनही गुडघे वर येतात, आणि उठताना स्टूल बाजूला सारता येते.

बिजागरीचे दुखणे

इतके महत्त्व जिला, तिची आपण काय अवस्था करून ठेवली आहे? माझी एक मावशी लग्नकार्याला निघाली की सकाळपासून पाणी पीत नसे. मी एकदा म्हटले, “मावशी, उन्हाचे दिवस आहेत, घोटभर तरी घे.” ती म्हणाली, “नको रे बाबा. मग जावं लागतं. तिथली बैठक पाहिलीस का? बसायचं म्हणजे जीव मुठीत धरायचा!” या वाक्यात विनोद आहे, पण त्याच्या मागे एक तहानलेली म्हातारी आहे. अशा मावश्या, काकू आणि आज्या घरोघरी आहेत.

बैठक डुगडुगते कशी, ते एकदा समजून घ्यावे. बैठकीच्या खालच्या अंगाला रबराची चार बोंडे असतात. त्यांतले एक निखळले की बैठक एका कोपऱ्यावर झुलते, आणि वजनाचा सारा पीळ मागच्या बिजागरीवर येतो. त्यातून म्हातारे माणूस उठताना एका कुशीवर जोर देते. खिळीचा नट हळूहळू ढिला होतो, आणि एके दिवशी बैठक आडवी सरकते. आपल्याकडे पाण्याचा वापर भरपूर. साध्या लोखंडी खिळ्या गंजतात, मग त्या ना आवळता येत ना काढता येत. म्हणून खिळी न गंजणाऱ्या पोलादाची किंवा चांगल्या प्लास्टिकची घ्यावी. बटण दाबताच बैठक अलगद उचलून घेता येईल अशी बिजागरी मिळते. तिच्याखाली साचणारा मळ धुता येतो, आणि वासाचे निम्मे कारण तिथेच असते.

हळू मिटणाऱ्या झाकणाला पुष्कळ जण चैन समजतात. त्याच्या बिजागरीत घट्ट सिलिकॉन ग्रीस भरलेली छोटी नळकांडी असते. झाकण पडू लागले की आतले पाते त्या ग्रीसमधून रेटा देत फिरते, म्हणून झाकण सावकाश उतरते. मुलांची बोटे वाचतात, चिनी मातीला तडा जात नाही. मात्र घाईने ते हाताने दाबले, तर तीच नळकांडी बिघडते. ते आपल्या गतीने खाली येऊ द्यावे.

आणखी एक गोष्ट. पाश्चात्त्य बैठकीचे बंद कडे कागद वापरणाऱ्यांसाठी घडले. आपण पाणी वापरणारे. पुढून मोकळी, घोड्याच्या नालासारखी बैठक अमेरिकेत सार्वजनिक जागी सर्रास असते. हाताने पाणी घेणाऱ्या आपल्या घरांना ती अधिक सोयीची, तरी आपण ती फारशी मागत नाही. जपानने आपली सवय बैठकीलाच शिकवली: १९८० मध्ये टोटो कंपनीने कोमट पाण्याची धार सोडणारी ‘वॉशलेट’ बैठक आणली. त्या सुधारणेत भांडे होते तेच राहिले.

झाकण मिटून पाणी सोडावे की नाही, हाही वाद आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात हिरव्या लेसरच्या प्रकाशात दाखवले गेले की, झाकण नसलेल्या सार्वजनिक कमोडमधून उडणारे सूक्ष्म तुषार आठ सेकंदांत सुमारे पाच फूट उंच जातात. २०२४ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या प्रयोगात मात्र झाकण मिटल्याने विषाणूंचा प्रसार फारसा घटला नाही, कारण झाकण आणि बैठक यांमध्ये फट असते. तेव्हा झाकण मिटावे, पण जंतुनाशकाने पुसणे सोडू नये.

या दिवाळीत

घर रंगवायला काढले असेल, तर एवढे करा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला खुर्चीवर बसवून जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत टेप लावा. बैठकीची उंची त्या मापाच्या जवळ हवी. नवे भांडे बसवायचे असेल, तर भिंतीवर टांगायचे घ्या म्हणजे उंची आपल्या हातात राहते. शेजारच्या भिंतीत हाताला धरण्यासारखा पक्का दांडा बसवा. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही. दार बाहेर उघडणारे असावे, म्हणजे आत कोणी पडले तरी मदतीला जाता येते. रात्री एक मंद दिवा असू द्या.

आणि हे सारे जमले नाही, तरी एक काम पाच मिनिटांचे आहे. बैठक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. हलली, तर फराळाची पहिली घाणी काढण्याआधी खालचे दोन नट आवळून घ्या. घरातली म्हातारी माणसे याबद्दल आपणहून कधी बोलणार नाहीत. त्यांच्या वतीने हे पाहणे आपलेच काम आहे.