गाडीच्या रेडिओचा सुरक्षा कोड : कुलूप कसे लागते, कोड कसा मिळतो

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी सांगता येतील :
(१) वीज तुटल्यावर गाडीचा रेडिओ कोड का मागतो;
(२) हरवलेला कोड रीतसर कसा मिळवावा;
(३) अशा कोडची सुरक्षितता नेमकी कशावर अवलंबून असते.

१. प्रस्तावना

समजा, तुम्ही एक जुनी गाडी विकत घेतली. महिनाभराने बॅटरी बसली, म्हणून नवी टाकली. गाडी सुरू झाली, पण रेडिओच्या पडद्यावर ‘कोड’ हा शब्द आणि त्यापुढे चार रेघा दिसू लागल्या. आधीच्या मालकाला विचारले, तर असा काही कोड असतो हेच त्याला ठाऊक नव्हते.

येथे रेडिओ बिघडलेला नाही. चोराला अडवण्याचे काम त्याला नेमून दिले आहे आणि ते तो चोख करतो आहे. फक्त अडवला गेलेला माणूस मालक आहे. हे असे का होते, ते या पाठात पाहू.

२. कोडची गरज का पडली?

१९८०च्या दशकात गाडीतील रेडिओ-कॅसेट संच महाग होता आणि काढायला सोपा होता. काच फोडायची, संच ओढून काढायचा आणि विकायचा, असा प्रकार युरोप-अमेरिकेतील शहरांत सर्रास चाले. न्यूयॉर्कमध्ये तर लोक गाडीच्या काचेला ‘रेडिओ नाही’ अशा पाट्या लावत. यावर दोन उपाय निघाले. एक, संच किंवा त्याची पुढची पट्टी काढून मालकाने सोबत न्यायची. दुसरा, सुरक्षा कोड.

कोडमुळे संच काढणे थांबत नाही. काढलेला संच निरुपयोगी होतो. म्हणजे हा उपाय चोराच्या हाताला नव्हे, त्याच्या फायद्याला अडवतो. त्यासाठी संच कोडचा आहे हे चोराला काच फोडण्यापूर्वीच कळायला हवे. म्हणूनच काचेवर तसे स्टिकर लावत आणि अनेक संचांवर गाडी बंद असताना लहान लाल दिवा लुकलुकत असे.

३. कुलूप कसे लागते?

रेडिओला वीज दोन मार्गांनी मिळते. एक पुरवठा किल्ली फिरवल्यावर सुरू होतो. दुसरा थेट बॅटरीतून कायम चालू असतो. घड्याळ व लावून ठेवलेली स्टेशने त्यावर टिकतात.

संचाचा कोड ईईप्रॉम नावाच्या स्मृतीत असतो. ती विजेशिवायही टिकते. कायम पुरवठा तुटून परत आला की संच ते ओळखतो आणि कोड मिळेपर्यंत बंद राहतो. बॅटरीची तार पुन्हा काढून लावल्याने कोड पुसला जात नाही, तो याच कारणाने.

संचाला चोर दिसत नाही. त्याला फक्त वीज गेलेली कळते. चोराने तारा तोडल्या, बॅटरी बसली, फ्यूज उडाला किंवा मेकॅनिकने कामासाठी निगेटिव्ह टर्मिनल सोडवले, तरी संचाच्या दृष्टीने घटना एकच. म्हणून मालकाच्या बाबतीत चुकीचा इशारा वारंवार मिळतो.

४. अंदाजाने कोड सापडेल का?

चार अंकी कोडच्या शक्यता १०,०००. फोक्सवॅगनच्या अनेक जुन्या संचांत दोनदा चुकीचा कोड दिला की पडद्यावर ‘सेफ’ असे येते आणि संच चालू ठेवून सुमारे एक तास थांबावे लागते.

उदाहरण : दर तासाला दोन प्रयत्न धरले, तर सर्व शक्यता तपासायला ५,००० तास, म्हणजे सुमारे २०८ दिवस लागतील, सरासरीने त्याच्या निम्मे.

होंडाच्या काही संचांत कोड पाच अंकी असतो, पण तो १ ते ६ याच बटणांनी द्यायचा असतो. तेथे शक्यता ६×६×६×६×६ = ७,७७६. अंक वाढूनही शक्यता कमी झाल्या, हे लक्षात घ्यावे.

५. कोड मिळवण्याची रीत

(अ) अंदाज करणे आधी थांबवावे. प्रत्येक चूक प्रतीक्षा वाढवू शकते.

(आ) गाडीचे माहितीपुस्तक, सर्व्हिस बुक आणि डॅशबोर्डचा कप्पा तपासावा. नव्या गाडीसोबत बहुधा कोडचे लहान कार्ड मिळते. आधीच्या मालकाकडे कोडऐवजी या कार्डाची चौकशी केली, तर ते सापडण्याची शक्यता जास्त.

(इ) संचाचा अनुक्रमांक नोंदवावा. तो बहुधा संच बाहेर काढल्यावर लेबलावर दिसतो. फोर्डच्या काही संचांत १ आणि ६ ही बटणे एकत्र दाबून धरल्यास तो पडद्यावर येतो. रेनोच्या अनेक संचांच्या लेबलावर एक अक्षर व तीन अंक असा पूर्वकोड असतो.

(ई) अनुक्रमांक, गाडीचा चासी क्रमांक, आरसी आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जावे.

(उ) कोड मिळाल्यावर तो घरी लिहून ठेवावा. गाडीतच ठेवला, तर संचासोबत चोरालाही मिळेल.

६. अनुक्रमांकावरून कोड कसा कळतो?

याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक संचाला यदृच्छेने कोड दिला जातो आणि त्याची नोंद कंपनीच्या यादीत राहते. ही यादी पाहिल्याशिवाय अनुक्रमांकावरून काहीच कळत नाही. दुसरीत अनुक्रमांकावर ठरावीक सूत्र चालवून कोड काढला जातो. यात यादी सांभाळावी लागत नाही, पण सूत्र एकदा बाहेर पडले की त्या जातीचे सगळे संच एकदम उघडे पडतात. काही संचांची सूत्रे अशी उघड झालेली आहेत.

ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाबद्दल मांडलेले तत्त्व येथे लागू पडते : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्था सुरक्षित राहिली पाहिजे, गुपित फक्त किल्लीत असावे. सूत्राच्या पद्धतीत वेगळी किल्लीच नाही. अनुक्रमांक लेबलावर छापलेला असतो आणि संच चोराच्याच हातात असतो. सूत्र माहीत असणाऱ्यापुढे १०,००० शक्यतांना काही अर्थ उरत नाही. तो आरसीही मागत नाही. आरसी मागितली जाते ती अधिकृत दारी गेलेल्या मालकाकडे.

७. पुढची सुधारणा

नंतरच्या अनेक गाड्यांत संच गाडीतील इतर नियंत्रकांशी जोडलेला असतो आणि आपण कोणत्या गाडीत आहोत हे तपासतो. वीज जाऊन आली तरी गाडी तीच असेल, तर तो कोड मागत नाही. दुसऱ्या गाडीत बसवल्यावर मागतो. येथे खूण बदलली. ‘वीज गेली का?’ याऐवजी ‘गाडी बदलली का?’ हा प्रश्न विचारला जातो आणि तो चोरीच्या जास्त जवळचा आहे.

सारांश

रेडिओचे कुलूप चोरी ओळखत नाही, वीज तुटल्याची खूण ओळखते. खूण ढोबळ असेल, तर त्रास मालकाला होतो. गुपित सूत्रात दडवलेले असेल, तर अडथळा चोराला होत नाही. कोणतीही सुरक्षाव्यवस्था तपासताना हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

स्वाध्याय

१. चार अंकी कोड फक्त १ ते ६ या बटणांनी देता येत असेल, तर एकूण शक्यता किती? तासाला दोन प्रयत्न धरल्यास सर्व तपासायला किती दिवस लागतील?
२. यादीची पद्धत सूत्रापेक्षा सुरक्षित असली, तरी कंपनी बंद पडल्यास मालकाचे काय होईल? चर्चा करा.
३. वीज तुटण्याऐवजी चोरीची आणखी कोणती खूण संचाला वापरता येईल? तिच्यामुळे मालकाला चुकीचा इशारा केव्हा मिळेल?