मोहसल, मसाला आणि फौजदारी : ऋणवसुलीचा खर्च कोणाच्या माथी?

टिटवाळ्यासारख्या गावच्या बाजारपेठेत उधारीचा व्यवहार बिघडला म्हणजे दोन वाक्ये कानी पडतात : ‘चेक वटला नाही’ आणि ‘आता फौजदारी लावतो’. पहिल्या वाक्यातील ‘वटणे’ हे क्रियापद हुंडीच्या व्यवहारात रुळलेले होते. हुंडी गेली, पण क्रियापदाने नवे कर्म शोधले. दुसऱ्या वाक्यातील शब्द अधिक विचार करावयास लावणारा आहे. ‘फौजदारी’ या शब्दात फौज आहे. मुघल राज्यव्यवस्थेत फौजदार हा मुलखाचा बंदोबस्त राखणारा सशस्त्र अधिकारी, तर दिवाण हा वसुलाचा व हिशेबाचा अधिकारी. पैशाचा तंटा दिवाणाकडे आणि दंगाधोपा फौजदाराकडे, ही वाटणी ‘दिवाणी’ व ‘फौजदारी’ या शब्दांनी आपल्या भाषेत कायम ठेविली आहे. असे असता न वटलेल्या चेकाचे भांडण फौजदारीत कसे आले, आणि तेथे होणारा खर्च कोण सोसतो, हे पाहण्यासारखे आहे. मराठीतील काही जुने शब्द या कामी उपयोगी पडतात.

पेशवाईत कल्याण हे सुभ्याचे ठाणे होते व टिटवाळा त्याच मुलखातील गाव. त्या काळच्या मराठी कागदपत्रांतून ‘मोहसल’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. थकबाकीदाराच्या दारी वसुलीसाठी बसविलेला शिपाई म्हणजे मोहसल. हा अरबी शब्द. महसूल, तहसील, हासील ही त्याचीच भावंडे. मोहसल दारात बसे आणि येणे चुकते होईपर्यंत हलत नसे. त्याच्या श्रमाचा व येण्याजाण्याचा जो आकार पडे, त्यास ‘मसाला’ म्हणत, आणि हा मसाला ज्याच्यावर शिपाई बसविला त्याच्याकडूनच घेतला जाई. स्वयंपाकातील मसाला व हा मसाला मुळात एकच. अरबीत ‘मसालिह’ म्हणजे आवश्यक साहित्य. ‘मसलत’ हाही त्याच धातूचा. आज या शब्दाचा स्वयंपाकघराबाहेरचा अर्थ लोपला आहे. त्याबरोबर त्यामागील प्रश्नही विस्मृतीत गेला, ही हानी कोशापुरती नाही.

खाजगी धनकोस सरकारी शिपायाचीही गरज नसे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे सविस्तर वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा वा कनिष्ठ असेल तर त्यास घराबाहेर पडू न देणे, जेवू न देणे, उन्हात बसविणे. वरिष्ठ असेल तर प्रथम विनवण्या आणि अखेर त्याच्या दारी धरणे. यांपैकी ‘तगादा’ शब्द तोंडी तकाद्यापुरता उरला, आणि ‘धरणे’ दाराशी बसण्याचे सोडून कचेरीसमोर जाऊन बसले. जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मसाला ऋणकोच्या माथी असल्यामुळे शिपायास लवकर उठण्याची घाई नसे, आणि मूळ येण्यापेक्षा वसुलीचा भारच जड होण्याचा संभव राही.

इंग्रजी अमदानीत मोहसलाची जागा न्यायालयाच्या बेलिफाने घेतली. हुकूमनाम्याच्या बजावणीत ऋणकोस दिवाणी कैदेत टाकण्याची तरतूद होती, आणि दक्षिणेत या कैदेच्या धाकाने कुणब्याकडून नवे कर्जरोखे लिहून घेतले जात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो उठाव झाला, त्यात जमावाचा रोख सावकाराच्या देहापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. रोखे मिळवावयाचे व जाळावयाचे. उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हा सरकारला गावोगाव पोलीस बसवावे लागले आणि लष्कर बोलवावे लागले. कर्जवसुलीस दिलेले कायद्याचे बळ अखेर फौजेच्या खर्चापर्यंत जाऊन पोचले. चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ जो कायदा झाला, त्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक करण्याची व कैदेत ठेवण्याची पद्धत बंद केली.

इतर ऋणकोंच्या बाबतीत १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने दिवाणी कैद राखली, परंतु तिला एक मार्मिक अट घातली. ज्या धनकोस आपला ऋणको तुरुंगात हवा असेल, त्याने त्याच्या निर्वाहाचा भत्ता आगाऊ न्यायालयात भरला पाहिजे. भत्ता थांबला की कैदी सुटला. ही रक्कम दाव्याच्या खर्चात धरता येते. पण तेवढ्या रकमेसाठी ऋणकोस पकडता वा डांबून ठेवता येत नाही. मसाल्याची ही नेमकी उलट बाजू होय. ज्यास बळ वापरावयाचे आहे त्याच्याच खिशास चाट बसत असल्यामुळे तो ते विचारपूर्वक वापरतो. पुढे १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गिस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ फेडण्याची ऐपत नाही एवढ्यावरून कोणास दिवाणी कैदेत टाकता येत नाही. ऐपत असून बुडविण्याची दुष्ट बुद्धी दिसली पाहिजे.

अशा रीतीने दिवाणी दार अरुंद होत गेले, आणि १९८८ च्या दुरुस्तीने फौजदारी दार उघडले. परक्राम्य संलेख अधिनियमात कलम १३८ आले व १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले. चेक न वटणे हा गुन्हा ठरला. शिक्षा प्रथम एक वर्षापर्यंत होती, ती २००२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत झाली. चेकावरील विश्वास वाढावा हा हेतू होता व तो गैर म्हणता येणार नाही. टिटवाळ्यातील एखाद्या किराणा व्यापाऱ्याने माल दिला आणि चेक परत आला, तर त्याला दिवाणी दाव्याची वर्षे मोजीत बसणे परवडत नाही. तो नोटीस देतो, पंधरा दिवस वाट पाहतो आणि महिन्याच्या आत दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद करतो.

पुढील यंत्रणा मात्र हिंसक गुन्ह्यासाठी घडविलेलीच आहे. समन्स निघते; आरोपी आला नाही तर जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. गुन्हा स्वतः जामीनपात्र व अदखलपात्र असूनही हवालदार दारात उभा राहतो तो वॉरंट घेऊन, आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीस वॉरंट तेवढे दिसते. फिर्यादी न्यायालयीन शुल्क भरतो हे खरे. पण हवालदाराचा मोडलेला दिवस, दंडाधिकाऱ्याचा वेळ, शिक्षा झाल्यास तुरुंगातील अन्न, हे सारे सरकारी तिजोरीतून जाते. मसाला ऋणकोस झोंबे, निर्वाहभत्ता धनकोस झोंबतो. येथे दोघांपैकी कोणासही खर्चाची झळ पुरेशी लागत नाही, आणि म्हणून बळाच्या वापरास आतून लगाम राहत नाही. परिणाम आकड्यांत दिसतो. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार, ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशात प्रलंबित असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाख १६ हजार खटले या एका कलमाचे होते. त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये पी. मोहनराज प्रकरणात अशा खटल्यास लांडग्याचे कातडे पांघरलेल्या मेंढीची उपमा दिली : कातडे फौजदारी, मेंढी दिवाणी. शब्दांच्या व्युत्पत्तीने जे सांगितले असते, तेच येथे निकालपत्राने सांगितले.

खर्चाचा प्रश्न न्यायालयास सुचला नाही असे नाही. दामोदर प्रभू प्रकरणात २०१० मध्ये असे ठरविण्यात आले की, आरोपीने प्रारंभीच तडजोड न करता ती लांबविली, तर चेकाच्या रकमेच्या १० टक्के, वरच्या न्यायालयांत १५ व सर्वोच्च न्यायालयात २० टक्के रक्कम त्याने भरावी. २०२५ मध्ये हे दर उतरविण्यात आले. मसाल्याचेच हे नवे रूप होय, मात्र एक फरक आहे : ही रक्कम दारात उभ्या राहिलेल्या शिपायाच्या खात्याकडे जात नाही, ती विधी सेवा प्राधिकरणाकडे जमा होते.